लादीच्या भावात

गाडीची किंमत मला कोणी सांगितली नाही.
मीटरनं सांगितली.
रात्री नऊला वायर लावली तेव्हाचा आकडा,
पहाटे पाचला काढली तेव्हाचा आकडा,
मधले सत्त्याऐंशी युनिट.
माझं गणित एकच, तीस वर्षांपासूनचं:
साडेतीन युनिटला एक लादी.
म्हणजे जयवंतशेठची गाडी एका रात्रीत
पंचवीस लाद्या बर्फ पिते
आणि थंडही होत नाही.

देवगडच्या बंदरावर पंचवीस लाद्या म्हणजे
एका बोटीचे दोन दिवस, बांगडा लागला तर.
नाही लागला तर तेवढंच पाणी
बोटीच्या पोटातून परत समुद्रात.
कोणाला बोलायचं?

पहिल्याच महिन्यात जामसंड्याच्या उतारावर
जांभ्याच्या धारेनं टायर कापला.
कोल्हापूरहून टेम्पोतून दुसरा आला, पंचेचाळीस हजारांचा.
टेम्पोवाला त्याच्यावर बसून विडी ओढत होता.
म्हणाला, ‘इतक्यात माजा इंजिन बांधून झाला असता.’
विम्याचा कागद आला तो शेठनी वाचला नाही,
घडी घालून तारेत खोचला,
जुन्या डिझेलच्या पावत्यांच्या वर.
आणि चार्जरच्या पेटीतले पितळी स्क्रू
दिवाळीच्या आत हिरवे.
अमोनिया तांब्यापितळेला सोडत नाही,
हे मी आधीच बोललो होतो.
खारा वारा तर बोलूनचालून खारा.

बाजारात म्हणाले, मिरवायला घेतली.
मिरवायला रस्ता लागतो.
ती उभी असते टाकीघराच्या मागे,
ताडपत्रीखाली, माडापासून चार हात लांब
(वरची काच फुटली तर काय पडतं
ते शेठनी फोनवर विचारलं होतं,
त्यानंतर सगळे नारळ मीच उतरवले).
महिन्यातून एकदा घाट चढून कोल्हापूर,
कानाच्या डॉक्टरकडे.
बाकी दिवस संध्याकाळी
शेठ नुसते आत जाऊन बसतात.
दिवा नाही. गाणी नाही.
अर्धा तास.

परवा मला हाक मारली.
‘आबा, बस मां जरा.’
माझे पाय मिठाच्या पाण्यातले, लेंग्याला ग्रीस.
मी गोणपाट शोधायला लागलो
तर म्हणाले, ‘तसोच बस.’

दार लागलं
आणि कारखाना बंद पडला.

मी उठलोच.
मशीन थांबलं की माणूस धावतो,
झोपेतही धावतो, लग्नाच्या पंगतीतून धावलोय मी.
शेठनी मनगट धरलं.
‘चालू हा. बस.’
काचेतून बघितलं, पट्टा फिरत होता,
खिडकीतला बल्ब नेहमीसारखा थरथरत होता,
फक्त आवाज नव्हता.
जसं कोणी आपल्याच घराचा
फोटो दाखवावा.

असे किती वेळ बसलो कोण जाणे.
मग आतून, डाव्या बाजूनं,
सुरू झालं.
बारीक. तारेसारखं. न तुटणारं.
मला वाटलं गाडीचंच काहीतरी असेल,
एवढ्या महागाच्या गाडीत काहीतरी वाजतच असणार.

‘ऐकाक येता?’
‘येता.’
‘माका पण.’

शेठ समोर बघत राहिले,
जिथे नुसती भिंत होती, ओल चढलेली.
‘एक कोटी दहा लाख, आबा,’ म्हणाले,
‘आणि ह्या आतच हा.’

लादीच्या भावात ते किती होतं
मी काढायला लागलो,
सवयीनं,
आणि मधेच सोडलं.

दार उघडलं तसा सगळा आवाज
एकदम अंगावर आला,
आणि खरं सांगतो, बरं वाटलं,
पोट भरल्यासारखं.
सीटवर माझ्या लेंग्याचा काळा डाग.
शेठनी बघितला. पुसला नाही.

नऊ वाजत आले होते.
वायर लावली.
आकडा वहीत घेतला.